जोडीतला दुसरा साताऱ्यात

रियाज,

तुझ्या निधनाची बातमी मीच केली. एक कॉलम, आतल्या पानावर, फोटोसह. नाव, वय, आमच्या दैनिकाचे संगणक विभागप्रमुख, अल्पशा आजाराने निधन, मागे आई, पत्नी, भाऊ. शेवटच्या ओळीत तिसऱ्या दिवसाच्या जियारतीची वेळ. दुसऱ्या कुणी लिहिली असती तर मी तिच्यातले दोन-चार शब्द कापले असते. माझी होती, म्हणून एकही जास्तीचा घातला नव्हता. त्या बातमीत चूक काही नाही. फक्त तू तिच्यात कुठे नाहीस.

हे लिहायचं कारण वेगळं आहे. काल दुपारी चाचणी झाली. तुझ्या माघारी पहिली. साताऱ्याचं मशीन ठेवायचं की काढून टाकायचं, हे तिच्यावर ठरणार होतं. तू ज्यासाठी शेवटचे सगळे महिने भांडत होतास तेच. निकाल तुला कुणीतरी सांगायला हवा. बातमी पोचवणं हे माझं काम, म्हणून मी सांगतो.

ऑफिसात तुझं काम नेमकं काय, हे थोड्यांनाच माहीत होतं. सांगलीच्या मुख्य कचेरीत एक सर्व्हर: बातम्या, फोटो, जाहिराती, लावलेली पानं, सगळं त्याच्यावर. तसाच दुसरा साताऱ्याच्या कचेरीत, तू बसवलेला. इकडे जे लिहिलं जाईल ते त्याच घटकेला तिकडे उमटायचं. दोघं सतत एकमेकांना हाक मारत राहायचे. एकाची हाक थांबली की दुसऱ्यानं काम उचलायचं. तुम्हा संगणकवाल्यांत याला क्लस्टर म्हणतात. तू जोडी म्हणायचास.

"तू दिवसभर करतोस काय रं?" मी एकदा विचारलं होतं.

"दोन मशीनांचं लगीन लावलंय गड्या. आता नांदत्यात का न्हाई, त्यावर नजर ठेवतो."

आपली ओळख कचेरीतली, पण दोस्ती जेसीबीपाशी झाली. हायवेचं रुंदीकरण चालू होतं. एका सकाळी सांगली आणि साताऱ्याचा संपर्क तुटला. तू दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइनी घेतल्या होत्या, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. दोन्ही एकदम गेल्या. तू गाडी काढलीस. मला साताऱ्याला जायचंच होतं, मी शेजारी बसलो. कराडच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला ताजा चर दिसला. जेसीबी उभा होता आणि त्याचा ऑपरेटर सावलीत डबा उघडून बसला होता.

"केबल तुटली का हितं?" तू विचारलंस.

"तुटली की."

"कुठली?"

"निळी बी तुटली, काळी बी तुटली. एकाच चरात हुत्या दोन्ही."

"दोन कंपन्या आन् चर एकच?"

"आवं साहेब, एकानं खणलेला असताना दुसरा कशाला खणंल? बसा, भाकरी खावा."

तू खरोखर बसलास. त्याच्या डब्यातली भाकरी आणि खर्डा खाल्लास, घाम पुसलास आणि हसत सुटलास. गाडीत म्हणालास, "नकाशावर त्यांनी दोन रेघा दावल्या. मी रेघा बघितल्या, खाली जमीन बघितलीच न्हाई." पुढे तू एक लाइन तासगाव, विटा, कोरेगाव अशी फिरवून घेतलीस आणि तो सगळा रस्ता स्वतः गाडीनं हिंडून आलास. मी थट्टा केली तर म्हणालास, "चर बघायला गेल्तो."

पण त्या दिवशीचा खरा घोळ साताऱ्यात होता. सांगलीची हाक येईना, म्हणून साताऱ्याच्या मशीननं धरलं की सांगली गेली, आणि कारभार हातात घेतला. सांगली तर चालूच होती. दोघंही स्वतःला मुख्य समजून काम करत राहिले. दुपारपर्यंत एकाच तारखेची दोन पहिली पानं तयार झाली. सांगलीच्या पानावर ऊसदराचं आंदोलन, साताऱ्याच्या पानावर कोयनेचा विसर्ग. दोन्हींवर 'अंतिम' असा शिक्का. लाइन जोडली गेल्यावर आपण दोघं साताऱ्याच्या कचेरीत शेजारी-शेजारी बसलो आणि एकेक बातमी ताडून पाहिली: कुठली आधीची, कुठली नंतरची, कुठली एकाच बाजूला दुरुस्त झालेली. तू मशीन बघत होतास, मी मजकूर. दिवस मावळायच्या आत पानं पुन्हा एक झाली.

"मशीन चुकलं म्हणायचं," मी म्हणालो.

"चुकलं न्हाई. त्याला हाक ऐकू आली न्हाई, त्यानं धरलं समोरचा गेला. उत्तर आलं न्हाई म्हंजे मेला, असं धरायचं नसतं गड्या. मधली वायर तुटलेली आसंल."

हे वाक्य मी पुढे कित्येक वार्ताहरांना ऐकवलं. एखादा आमदार फोन उचलत नाही म्हणून 'नॉट रीचेबल' असं ठोकून देणाऱ्यांना तर हमखास. तुझं नाव मात्र सांगितलं नाही.

त्यानंतर तू तिसरा आणलास. जतच्या आपल्या एका खोलीच्या कचेरीत एक लहानसं मशीन ठेवलंस. त्यावर ना बातमी ना फोटो. त्याचं काम एकच, सांगली आणि सातारा यांच्यात बोलणं तुटलं तर कोण दिसतंय ते सांगायचं. ज्याला जत दिसेल त्यानं चालायचं, ज्याला दिसणार नाही त्यानं आपणहून थांबायचं. तू त्याला साक्षीदार म्हणायचास. जतच का, असं मी विचारलं, तर म्हणालास, "तिकडं पूर न्हाई, हायवे न्हाई. टँकरबिगर काय फिरकत न्हाई तिकडं." आणि पहिल्याच उन्हाळ्यात जतच्या वार्ताहरानं साक्षीदाराची पिन काढून तिथं पंखा लावला. तू फोनवर तापलास, तर तो शांतपणे म्हणाला, "साक्षीदाराला उकडत न्हाई साहेब, मला उकडतंय." तू फोन ठेवलास आणि सगळ्या डेस्कला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलंस, "साक्षीदार फुटला!" दुसऱ्या दिवशी तू जतला गेलास तो त्या वार्ताहरासाठी नवा बोर्ड घेऊनच.

मग नव्या मशीनचा विषय निघाला. आपले मॅनेजर साहेब वाईट माणूस नव्हे, हे तूही म्हणायचास. त्यांना कंपनीच्या माणसानं पटवलं होतं: एकच मोठं मशीन घ्या, त्याच्या आत वाटण्या पाडा, दोन काय दहा सर्व्हर बसतील, एक पडला तर शेजारचा काम उचलेल, जोडी घरातच होईल, सातारा कशाला सांभाळायचा? तुला वाटण्यांचं वावडं नव्हतं. दोन्ही कचेऱ्यांतल्या मशीनच्या आत तूच वाटण्या केल्या होत्यास, पानांची वेगळी, जाहिरातींची वेगळी, म्हणजे एकीत बिघाड झाला तर दुसरीला झळ लागू नये. तुझं म्हणणं एवढंच होतं, की जोडीतले दोघं एका खोक्यात राहायचे नाहीत.

"मशीन तिसऱ्या मजल्यावर ठेवणार आहोत," मॅनेजर साहेब बैठकीत म्हणाले. "पुराची भीती नको."

"आणि जनरेटर?" तू विचारलंस.

"तो खालीच आहे."

सांगलीच्या माणसाला पाणी कुठवर येतं हे सांगावं लागत नाही. तरी खरेदीचा कागद पुढे सरकत राहिला. म्हणून ईदला तू मॅनेजर साहेबांना आणि मला घरी बोलावलंस. शीरखुर्मा झाला. मग तू त्यांना अंगणात नेलंस. तुमच्या घराच्या वाटण्या झालेल्या. मधे भिंत, एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला धाकटा भाऊ. दारं दोन, स्वयंपाकघरं दोन.

"साहेब, घरं किती?"

"दोन."

तू जिन्याखाली वाकलास आणि टाकीचा कॉक फिरवलास. थोडा वेळ काही झालं नाही. मग भिंतीच्या अलीकडून वहिनींचा आणि पलीकडून तुझ्या भावजयीचा आवाज एकदमच आला.

"पानी कुनी बंद केलं?"

"आवं, भांडी अर्धी राहिली की माझी!"

"बघा," तू म्हणालास. "वाटणी झाली, टाकी एकच ऱ्हायली."

मॅनेजर साहेब पोट धरून हसले. पण निघताना म्हणाले, "मशीनला टाकी नसते, रियाज."

"असतीया साहेब. वीज येती ती वाट एक, वाटण्या पाडणारं सॉफ्टवेअर एक. ते बसलं की आतले धा बी बसले."

वहिनी ओल्या हातानं बाहेर आल्या. "यांचं रोजचंच झालंय," मला म्हणाल्या. "एकदा लाइट घालवून दावली, आज पानी. उद्या मला घालवतील."

या वादात मी तुझ्या बाजूनं उभा राहिलो, पण तुझ्याशी माझं वेगळं भांडण होतं आणि ते मिटलेलं नाही. कचेरीसमोरच्या टपरीवर चहा पिताना मी ते पुन्हा पुन्हा काढायचो. मशीन दोन केलीस, लाइनी दोन केल्यास, वीज दोन ठिकाणाहून घेतलीस. तू एकटाच आहेस. तुझी जोडी कुठाय?

"शुभांगी हाय की."

शुभांगी तुझ्या हाताखालची. फलटणची, बोलायला हळू, कामाला चोख. पण सांगली मुद्दाम बंद पाडून सातारा काम उचलतो का ते बघायची चाचणी असली, की स्विच ओढायचास तू. कधी, का, कसा, ठरवायचास तू. मी म्हणायचो, एकदा रजा काढ आणि तिला करू दे सगळं. तू कपातला चहा गोल फिरवत बसायचास.

"बघू."

"बघू म्हणजे कधी?"

"तुला हेडिंग लावायची घाई आसती गड्या. मला न्हाई."

ते शेवटचं. त्यानंतर आपलं बोलणं झालं नाही. पुढच्या आठवड्यात तुझा फोन बंद लागला. चाचणीच्या दिवशी तू फोन बंद ठेवायचास हे सगळ्यांना माहीत होतं. त्यावरूनही आपली वादावादी झालेली. मला वाटलं, चाचणी आहे. दुसऱ्या दिवशीही लागला नाही, तेव्हा वाटलं, रागावलाय. उत्तर आलं नाही म्हणजे काय धरायचं नाही, हे मला तूच शिकवलं होतंस, आणि मी ते धरलं नाही. मधली वायर तुटली असेल, असं म्हणत मी कामाला लागलो. मग वहिनींचा फोन आला. "भाई, मिरजेला या." हॉस्पिटलच्या जिन्यात तुझा भाऊ बसला होता. त्याच्या बसण्यावरूनच कळलं. मी वर गेलो नाही.

कब्रस्तानात मिट्टी द्यायला ऑफिसातले झाडून सगळे होते. छपाईवाले, जाहिरातवाले, जतचा वार्ताहर. मॅनेजर साहेबांनी बूट काढून हातात धरले होते, ते कुठे ठेवावेत हे त्यांना सुचत नव्हतं. शुभांगी फाटकाबाहेर गाडीपाशी उभी होती. मी बाहेर आलो तेव्हा तिनं विचारलं, "सर, आता सातारा?" मला आधी राग आला. मग लक्षात आलं, तिला दुसरं काही विचारता येत नव्हतं.

बैठक झाली. मॅनेजर साहेब खरं तेच बोलले. "रियाज असता तर मी कदाचित ऐकलं असतं. आता हे दोन गावांतलं प्रकरण चालवणार कोण? एकच मशीन असलं तर कंपनीचा माणूस येऊन बघेल."

"मी चालवते," शुभांगी म्हणाली.

"तुम्ही एकट्यानं कधी केलंय?"

"चाचणी घ्या, सर. सांगली बंद करा. कामाच्या वेळेत."

त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ठीक. साताऱ्यानं काम उचललं तर सातारा राहील. नाही उचललं तर नवीन मशीन, आणि हा विषय संपला."

चाचणीच्या आदल्या दिवशी शुभांगी साताऱ्याला निघाली, तेव्हा मी तिला स्टँडवर सोडलं. काळजी वाटते का, असं विचारलं.

"पहिल्यांदा वाटली होती. रडकुंडीला आले होते," ती म्हणाली. "सर मला चाचणीला साताऱ्यात पाठवायचे, इकडे स्विच ओढायचे आणि फोन बंद करायचे. काही अडलं तर विचारायचं कुणाला? नंतर मी भांडले त्यांच्याशी. तर म्हणाले, फोन लागला की तू मला विचारणार. मग साताऱ्यात तू न्हाईस, मीच हाय."

बस आली, ती चढली. मी तिथंच उभा राहिलो. म्हणजे टपरीवरचं माझं भांडण तू फार आधीच निकालात काढलं होतंस. दर चाचणीला तू ठरवून नाहीसा होत होतास, आणि मी त्याला तुझा तऱ्हेवाईकपणा समजत होतो. मला एकदा सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? माझं बरोबर होतं असं म्हणावं लागलं असतं, एवढंच ना? की मी ओळखीन म्हणून वाट बघत होतास? हे आता विचारायचं कुणाला. तुझ्यावर चिडायलाही तूच हवास, ही सगळ्यात मोठी अडचण झाली आहे.

काल दुपारी बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीची पानं चालू असताना मॅनेजर साहेब आणि मी तुझ्या खोलीत गेलो. तुझी खुर्ची तशीच होती. स्वेटर पाठीवर, त्या खोलीत बारा महिने गारठा, म्हणून तू तो ठेवायचास. शुभांगीनं साताऱ्याहून फोन केला, "सर, तुम्हीच ओढा," आणि मग तिचाही फोन बंद झाला. मी मुख्य स्विच खाली ओढला. पंख्यांचा आवाज बसत बसत गेला आणि खोली इतकी शांत झाली की बाहेरच्या डेस्कवरचे कीबोर्ड ऐकू येऊ लागले.

आम्ही बाहेर आलो. डेस्कवर कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. ती शुभांगीची अट होती. तुला माहीत आहे, पान अडकलं की तिथं काय होतं. कुणी हात लावत नाही, कुणी थांबून बघत नाही. जो असेल तो बसल्या जागेवरून तुझ्या नावानं ओरडतो, आणि मग सगळं डेस्क त्याच्या सुरात सूर मिळवतं. इतकी वर्षं मी त्या ओरडण्याला वैतागत आलो.

साताऱ्याच्या पानाचं काम करणारा सुहास मान वाकवून बसला होता. त्याच्या पडद्यावर पान थांबलं. त्यानं माऊस हलवला, पुन्हा हलवला. मला कळत होतं, या घटकेला काय काय पणाला लागलंय. शुभांगी साताऱ्यात एकटी बसली आहे, तू उभं केलेलं सगळं राहतं की जातं ते आत्ता ठरतंय. हे सगळं कळत असताना, रियाज, मला वाटलं की अडकावं. फार नाही. कुणीतरी ओरडेपर्यंत.

सुहासनं सवयीनं तुझ्या दाराकडे तोंड फिरवलं. ओठ उघडले.

आणि पान हललं. फोटो जागेवर बसला, खालची ओळ आली. तो परत पडद्याकडे वळला आणि टाइप करू लागला. शेजारच्या कुणीही वर बघितलं नाही.

मॅनेजर साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे सातारा," म्हणाले, आणि आपल्या केबिनकडे गेले.

मी अजून थोडा वेळ सुहासच्या मागे उभा होतो. त्यानं मागे वळून विचारलं, "काय पाहिजे का, सर?"

नाही म्हणालो.